पार्कलेनच्या बाजारात

सिकंदराबादला रिक्षावाल्याला ‘चिनॉय ट्रेड सेंटर’ असं पूर्ण नाव सांगितलंत तर तो दोन क्षण विचारात पडतो. ‘सीटीसी’ म्हटलं की लगेच मान हलवतो. पार्कलेनवरची ही इमारत आणि तिच्या आजूबाजूची दुकानं म्हणजे आपल्या जुळ्या शहरांचा कॉम्प्युटरचा बाजार. चिनॉय हे सिकंदराबादचं जुनं पारशी आडनाव, पण आज इथे येणाऱ्या पोरांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक असेल. सकाळी लवकर जाऊन उपयोग नाही. अकरा-साडेअकराशिवाय शटरं वर जात नाहीत आणि रविवारी बहुतेक बाजार बंदच असतो. एकदा का उघडला, की मग जिन्यात, पॅसेजमध्ये, पार्किंगमध्ये, जिथे दोन माणसं उभी राहू शकतात तिथे तिसरा माणूस खोका घेऊन उभा असतो. खाली एकजण दुचाकीवर चार मॉनिटर बांधतोय, वर कोणी प्रिंटरचं कार्ट्रिज भरतोय, आणि दाराशी उभा असलेला पोऱ्या प्रत्येकाला विचारतोय, “क्या होना साब? लॅपटॉप, प्रिंटर, सीसीटीव्ही?”

मुंबईकरांना सांगायचं तर आमचं हे लॅमिंग्टन रोड. (त्या रस्त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण कॉम्प्युटर घ्यायला निघालेला माणूस ते नाव घेत नाही.) दिल्लीला नेहरू प्लेस, चेन्नईला रिची स्ट्रीट, बंगळुरूला एस.पी. रोड. प्रत्येक मोठ्या शहराला असा एक बाजार आहे. ऑनलाइन खरेदीने ते सगळे थोडे थोडे खंगले आहेत. सीटीसीतही पूर्वी जिथे कॉम्प्युटरची दुकानं होती तिथे आता मोबाइलची कव्हरं लटकताना दिसतात. तरीही सुटे भाग हातात घेऊन, चार दुकानं फिरून, भाव करून कॉम्प्युटर जुळवायचा असेल तर हैदराबादकर अजून इथेच येतो. माझा पहिला कॉम्प्युटर मी १९९९ साली इथूनच घेतला होता. ३२ एमबी रॅम आणि ४.३ जीबीची हार्ड डिस्क. दुकानदाराने तो माझ्यासमोर जुळवला, मी फक्त बघत उभा होतो.

२०२३ च्या जूनमध्ये पुन्हा जाणं झालं ते भाचीमुळे. माझी धाकटी बहीण देगलूरजवळच्या एका गावात दिलेली. भाचीला हैदराबादला इंटिरियर डिझाइनच्या डिप्लोमाला प्रवेश मिळाला आणि ती आमच्याकडे काचीगुड्याला राहायला आली. यात नवल काही नाही. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात आणि मग हैदराबाद राज्यात होता. सीमा बदलली तरी देगलूर-बिलोलीकडच्या माणसाचं मोठं शिक्षण, मोठा दवाखाना आणि मोठी खरेदी यांची वाट अजून बऱ्याचदा हैदराबादकडेच वळते. आमच्या घरात तर दर दोन-चार वर्षांनी कोणीतरी पिशवी घेऊन येतं आणि शिकून जातं.

भाची येताना ४५,००० रुपये घेऊन आली. कॉलेजने सांगितलं होतं, कॉम्प्युटर लागेल. ते पैसे कुठून आले हे मला बहिणीने फोनवर हळूच सांगितलं. भाव वाढेल म्हणून दाजींनी गेल्या हंगामाचं सोयाबीन घरात ठेवलं होतं. भाव काही वाढला नाही. शेवटी नऊ-दहा क्विंटल विकून हे पैसे केले. त्यातून जूनचा महिना, पेरणी तोंडावर, बी-खताचा खर्च समोर, आणि त्या वर्षी पाऊसही लांबलेला. दाजी रोज संध्याकाळी फोन करायचे आणि आधी विचारायचे, “तिकडं आभाळ आलंय का?” मग कॉम्प्युटरचं.

माझ्या मुलाचं मत होतं, सरळ लॅपटॉप घ्या. त्याच्यासारख्या विमानतळावर बसून काम करणाऱ्याला ते ठीक आहे. भाचीने मात्र गावाकडे असतानाच मोबाइलवर बघून बघून बराच अभ्यास केला होता. तिचं म्हणणं असं: ४५,००० चा लॅपटॉप आज आहे तसाच चार वर्षं राहणार. आतला बराच भाग बोर्डालाच जोडलेला असतो, रॅम वाढवता आली तर आली, ग्राफिक्स कार्ड तर बदलता येतच नाही. डेस्कटॉपचं तसं नाही. पहिल्या वर्षी हाताने काढलेल्या शीट्स आणि साधं ऑटोकॅड. घराचं खऱ्यासारखं दिसणारं चित्र काढायचं ते रेंडरिंग दुसऱ्या वर्षी. तेव्हा कार्ड घेऊ. आत्ता फक्त त्याला जागा ठेवू.

“म्हणजे खोली आत्ता बांधायची नाही, पण पाया दोन मजल्यांचा घालायचा,” मी म्हटलं.

“मामा, तुम्ही पण डिप्लोमा करा,” ती म्हणाली.

एका शनिवारी निघालो. सुलतान बाजारातून मेट्रो घेतली. ही हिरवी लाइन २०२० च्या फेब्रुवारीत सुरू झाली, आणि तिच्यामुळे सुलतान बाजाराच्या अरुंद गल्लीवरून, जुन्या घरांच्या गच्च्यांना जवळजवळ हात लावत गाडी जाते. भाची खिडकीला नाक लावून बसली होती. नारायणगुडा, चिक्कडपल्ली, आरटीसी क्रॉस रोड्स अशी एकेक ओळखीची जागा वरून बघताना मलाही वेगळी वाटत होती. जेबीएस परेड ग्राउंडला उतरून पुलावरून निळ्या लाइनवर जायचं आणि एकच स्टेशन, पॅरडाइज. बिर्याणीचं पॅरडाइज ते हेच. १९५३ मध्ये पॅरडाइज टॉकीजच्या आवारातल्या छोट्या कँटीनपासून सुरू झालेलं. तिथून पार्कलेन चालत जाण्यासारखं. वाटेत एम.जी. रोड लागतो, त्याला जुनी माणसं अजून जेम्स स्ट्रीट म्हणतात. सिकंदराबाद हे मुळात इंग्रजांच्या छावणीचं गाव, तिसरा निजाम सिकंदर जाह याचं नाव त्याला दिलेलं. त्यामुळे इथल्या रस्त्यांना अजून थोडा लष्करी सरळपणा आहे, जो आमच्या काचीगुड्याकडे तुम्हाला औषधालाही सापडणार नाही.

सीटीसीत शिरल्यावर भाचीने वही काढली. मला वाटलं होतं पोरगी बुजेल. पण इथली दख्खनी तिला पहिल्या दुकानातच आवडली. दुकानदाराने एक स्वस्तातला बोर्ड पुढे केला, तेव्हा ती सहज म्हणून गेली, “नको.” त्यावर तो हसून म्हणाला, “नक्को? हौ, नक्को तो नक्को. दुसरा बताता अम्मा.” तिला आश्चर्य वाटलं की याला मराठी येतं. त्याला मराठी येत नव्हतं. पण आपला ‘नको’ हैदराबादी बोलीत ‘नक्को’ होऊन केव्हाचा मुरला आहे. परक्या गावात आपल्या घरचं भांडं दिसावं तसं झालं तिला. त्यानंतर दिवसभर ती ‘नक्को’च म्हणत होती.

आता थोडं कॉम्प्युटरचं. ज्यांना यात रस नाही त्यांनी दोन परिच्छेद सोडून वाचलं तरी चालेल, पण घरात कॉलेजचं पोर असेल तर सोडू नका.

कॉम्प्युटर जुळवायचा म्हणजे सात-आठ वस्तू लागतात: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट, की-बोर्ड-माउस आणि स्क्रीन. स्क्रीन आमच्या घरी होती. सगळा हिशेब प्रोसेसरपासून सुरू होतो, कारण तो ठरला की बोर्ड ठरतो आणि बोर्ड ठरला की रॅम ठरते. एएमडी कंपनीच्या प्रोसेसरचा नवा सॉकेट, एएम५, २०२२ मध्ये आला होता. पहिल्या दुकानदाराचा आग्रह त्याचाच. पण त्याला डीडीआर५ रॅम लागते आणि बोर्डही महाग, म्हणजे ४५,००० तिथेच संपत होते. त्याआधीचा एएम४ हा सॉकेट २०१६ पासून चालत आलेला, माल भरपूर, रॅम डीडीआर४, स्वस्त. भाचीने वहीत लिहून आणला होता तो रायझन ५ ५६००जी, सहा कोअरचा प्रोसेसर. त्यातलं ‘जी’ महत्त्वाचं. ग्राफिक्स त्याच्या पोटातच असतं, वेगळं कार्ड नसलं तरी स्क्रीनवर चित्र येतं. त्याच घराण्यातला नुसता ५६०० घेतला असता तर कार्डाशिवाय स्क्रीन काळीच. एका अक्षराचा फरक, आणि घाईत खरेदी करणारे यातच फसतात.

पोटातल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उसनी घेते. म्हणून १६ जीबीची एक पट्टी न घेता ८-८ च्या दोन घ्यायच्या, म्हणजे दोन वाटांनी एकाच वेळी ये-जा होते. “एका विहिरीवर दोन मोटा,” असं मी दाजींना सांगितलं आणि त्यांना ते दुकानदारापेक्षा आधी कळलं. आणखी एक बघायचं: बोर्ड बरेच दिवस गोदामात पडून असेल तर त्याचा बायोस जुना असतो आणि तो नव्या प्रोसेसरला ओळखतच नाही. भाचीने दुकानदाराला हे विचारलं तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याकडे न बघता तिच्याकडे बघून बोलू लागला. आतून पोऱ्याला हाक मारून त्याने बोर्ड सुरू करून दाखवायला लावला.

खरी ओढाताण झाली ती तिसऱ्या मजल्यावर. जुन्या मालाच्या एका दुकानात काचेखाली ग्राफिक्स कार्डं ओळीने मांडलेली होती, नव्यासारखी चकचकीत, भाव नव्याच्या अर्ध्याहून कमी. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं, आणि त्या खाणीत रात्रंदिवस राबलेली कार्डं जगभरच्या जुन्या बाजारांत येऊन पडली. त्यातलीच ही. पोऱ्या म्हणाला, “९,००० में ले जाव, पुरा गेमिंग चलता.” भाचीचे डोळे चमकले. हिशेब सोपा होता. विंडोजचे पैसे वाचवायचे, एसएमपीएस कॅबिनेटबरोबर फुकट येतो तो घ्यायचा, आणि कार्ड आजच घरी न्यायचं. विंडोज तर प्रत्येक दुकानदार “डाल के देतूं ना” म्हणतच होता. दुसऱ्या वर्षाची वाट बघायला नको, वर्गातल्या बाकीच्या पोरांसारखं सगळं पहिल्या दिवसापासून.

मी काही बोललो नाही. पैसे तिच्या वडिलांचे आणि काम तिचं. तिने जिन्यात उभं राहून अप्पांना फोन लावला. दाजींना ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण एसएमपीएस काय करतो हे तिने सांगितल्यावर ते लगेच ताठ झाले असावेत. घरातल्या २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून तो आतल्या प्रत्येक भागाला देतो. तो हलका असेल आणि बिघडला तर एकटा मरत नाही, बोर्ड घेऊन मरतो. “म्हणजे मोटारीचा स्टार्टर,” दाजी म्हणाले. दोन वर्षांपूर्वी स्वस्तातल्या स्टार्टरपायी त्यांची मोटार जळाली होती, भर हरभऱ्याच्या पाण्याच्या वेळी. फोन स्पीकरवर नव्हता तरी मला ऐकू येत होतं. “स्टार्टर चांगला घे. आन् वापरून पिळून टाकलेला बैल आपण घेतो का गं?”

भाची पुन्हा त्या दुकानात गेली नाही. जिन्यातूनच खाली उतरली. थोडा वेळ गप्प होती, हे मी बघितलं. १८ वर्षांच्या पोरीला काचेखालची वस्तू मागे ठेवून येणं सोपं नसतं.

एसएमपीएस मग चांगला घेतला, ५५० वॉटचा, ब्राँझ शिक्क्याचा, ४,१०० रुपयांना. आत्ता तिच्या मशीनला दीडशे वॉटसुद्धा पुरे झाले असते. उरलेले वॉट पुढच्या कार्डासाठी. प्रोसेसर ११,२०० ला, बोर्ड ८,९०० ला. बोर्ड दोघांच्या अंदाजापेक्षा महाग पडला, पण त्याला रॅमच्या चार जागा होत्या. रॅम, ५०० जीबीची एसएसडी, कॅबिनेट, की-बोर्ड आणि माउस धरून ३४,९०० झाले. एका दुकानात “बिल के बिना” आणखी १,२०० कमी करायला तयार होते. घेतलं नाही, कारण प्रोसेसरची तीन वर्षांची वॉरंटी मागायची वेळ आली की आधी बिलच मागतात. चोरीच्या विंडोजऐवजी ९,००० चं रीतसर लायसन्स घेतलं. यावर घरी थोडा वाद झाला. पण ज्या मशीनवर उद्या ती दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे ठेवणार, त्याच्यात पहिल्याच दिवशी कोणाच्या तरी पेन ड्राइव्हमधलं अज्ञात काहीतरी भरायचं, हे मला पटत नव्हतं. ऑटोकॅड विद्यार्थ्यांना फुकट मिळतं, तो खर्च नव्हता. माझ्याकडचा जुना यूपीएस माळ्यावर होता, त्याला १२ व्होल्टची नवी बॅटरी घातली, ९५० रुपये. ४५,००० पैकी १५० उरले, त्याचा इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं झाली आणि मेट्रोचं परतीचं तिकीट मी काढलं.

दुकानदार जुळवून द्यायला तयार होता. भाची “नक्को” म्हणाली.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून काम सुरू झालं. आमच्या सौ. स्वयंपाकघरातून दर दहा मिनिटांनी विचारत होत्या, पोहे कुठे बसून खाणार. भाचीने हाताला अत्तर लावावं इतक्या हळुवारपणे आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला. अंगात साठलेली वीज निघून जावी म्हणून. मग प्रोसेसर. एएम४ च्या प्रोसेसरला खाली १,३३१ पिना असतात, केसासारख्या. एका कोपऱ्यात सोनेरी त्रिकोण असतो, सॉकेटवरही तसाच खुणेचा त्रिकोण. दोन्ही जुळवायचे, खटका वर करायचा, आणि प्रोसेसर नुसता सोडायचा. दाबायचा नाही. तो आपल्या वजनाने बसतो. तो बसला तेव्हा आवाजही आला नाही, पण ती एवढा वेळ श्वास रोखून होती हे मला तेव्हा कळलं.

पंख्याने वेळ घेतला. प्रोसेसरबरोबर आलेल्या पंख्याला चार स्क्रू असतात आणि ते बसवण्याआधी बोर्डावरच्या प्लास्टिकच्या दोन पट्ट्या काढाव्या लागतात. स्क्रूही एकेक करून पूर्ण आवळायचे नाहीत, समोरासमोरचे थोडे थोडे पिळत जायचं, गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसं. तळाला लावलेली राखाडी पेस्ट प्रोसेसरची उष्णता ओढून घेते, तिला बोट लावायचं नाही. एसएसडी तर च्युइंगमच्या पट्टीएवढी. तिरकी खुपसायची, खाली दाबायची, एक नखाएवढा स्क्रू. माझ्या १९९९ च्या हार्ड डिस्कचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास असेल आणि आत ४.३ जीबी. ही हातात आहे की नाही कळत नाही आणि आत ५०० जीबी. मी ते दोन्ही आकडे सौ.ना सांगितले. त्या म्हणाल्या, पोहे गार होतायत.

बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवताना खाली पितळेचे छोटे खांब असतात, त्यांच्यावर तो टेकवायचा, म्हणजे पाठ पत्र्याला लागत नाही. हे सगळं झाल्यावर सर्वांत कंटाळवाणं काम: कॅबिनेटच्या पुढच्या बटणाच्या, दिव्याच्या, रिसेटच्या त्या मुंगीएवढ्या वायरी. अक्षरं इतकी बारीक की मी चष्मा काढून, पुन्हा घालून, मग मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचत होतो. हे काम करणाऱ्यांनी या वायरींवर इतकी कंजुसी का केली आहे, देव जाणे.

दुपारी दोनला बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीन काळी.

पाच मिनिटं वाट बघितली. कधी कधी पहिल्यांदा वेळ लागतो. दहा मिनिटं झाली. भाचीचा चेहरा बघवेना. मी काही म्हणण्याआधी तिनेच वायर काढली, यूपीएस बंद केला आणि म्हणाली, “मामा, बॅटरी द्या.” मोबाइलच्या उजेडात तिने एकेक जोड बघायला सुरुवात केली. मोठा चोवीस पिनांचा, ठीक. प्रोसेसरजवळचा आठ पिनांचा, ठीक. मग रॅमवर बोट आलं आणि थांबलं. दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत दोन पट्ट्या होत्या, बोर्डाच्या पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. त्यातली एक एका टोकाला नीट बसली होती आणि दुसऱ्या टोकाला दीड मिलिमीटर वर होती. तिने अंगठ्याने दाबलं. खट् असा आवाज आला. बोर्ड तडकला असं वाटावं एवढा मोठा. पुन्हा बटण, आणि या वेळी स्क्रीनवर बोर्डाच्या कंपनीचं चिन्ह आणि खाली पांढरी अक्षरं. तिने मामीला मिठी मारली. मला नाही, मी लांब होतो आणि माझ्या हातात स्क्रूचा डबा होता.

बायोसमध्ये तिने आणखी एक दाखवलं. रॅम ३२०० ची, पण बोर्ड तिला त्याहून कमी वेगाने चालवत होता. एक्सएमपी नावाचा पर्याय सुरू केल्याशिवाय तो वेग मिळत नाही. कितीतरी घरांत ते बटण कोणी कधी दाबतच नाही आणि पैसे दिलेला वेग वर्षानुवर्षं झोपून राहतो. तुमच्या घरी जुळवलेला कॉम्प्युटर असेल तर आज रात्री बघा.

संध्याकाळी दाजींचा फोन आला. त्या दिवशी त्यांनी आभाळाचं विचारलं नाही, थेट विचारलं, “चालू झालं का?” चालू झालं म्हटल्यावर म्हणाले, “फोटो धाड. उघडं असतानाचा. वरून झाकलेला नको.” त्यांना आतलं बघायचं होतं. दोनेक आठवड्यांनी पाऊस आला आणि पेरणीही झाली.

पुढचं पटकन सांगतो. पहिलं वर्ष ठरल्याप्रमाणे गेलं. दुसऱ्या वर्षी, २०२४ च्या दिवाळीत, कार्ड घ्यायचं होतं. पण त्या हंगामात सोयाबीनचा बाजारभाव हमीभावाच्याही खाली राहिला. हमीभाव होता ४,८९२ रुपये. भाचीने घरी कार्डाचा विषयच काढला नाही. मलकपेटच्या एका सुताराला मॉड्युलर किचनचे नकाशे काढून द्यायला तिने सुरुवात केली होती, एका नकाशाचे ५००, कधी ७००. रात्री जेवण झालं की तिच्या खोलीतून पंख्याचा आवाज यायचा. कार्ड नसल्यामुळे एकेक रेंडर प्रोसेसरवर दोन-दोन, तीन-तीन तास चालायचं. ती ते लावून झोपायची आणि पहाटे उठून बघायची. फुकटचा एसएमपीएस असता तर या रात्री त्याने काढल्या असत्या का, हा प्रश्न मला अनेकदा पडला आहे.

२०२५ च्या जानेवारीत ती एकटीच सीटीसीला गेली. मला दुपारी ऑफिसात फोटो आला: नव्या कार्डाचा खोका, सीलबंद, बिलासकट. सहा जीबीचं साधं कार्ड, ज्याला एसएमपीएसची वेगळी वायरसुद्धा लागत नाही. घरी आलो तोवर तिने ते बसवलंही होतं आणि स्क्रीनची वायर बोर्डावरून काढून कार्डाला लावली होती. जे रेंडर रात्रभर चालायचं ते आता आमटीला फोडणी देईपर्यंत होत होतं.

त्यावर तिने पहिलं चित्र सुताराचं नाही केलं. गावाकडच्या घराचं केलं. ओसरी, चौकट, कडूनिंब, संध्याकाळचं ऊन, सगळं खऱ्यासारखं. ते अप्पांना पाठवलं. बराच वेळ उत्तर आलं नाही. मग व्हॉइस मेसेज आला. मागे बैलाच्या घुंगरांचा आवाज, आणि दाजी म्हणत होते, “चांगलं झालंय. पण ओसरीला तीन खांब कुठनं आणलेस? आपल्याला दोनच हायेत.”

भाची म्हणाली, तिसरा तिने मुद्दाम घातलाय. दोनांवर ते छप्पर फार दिवस टिकणार नाही. गेल्या मे महिन्यात दाजींनी तो खांब उभा केला. सागवानी परवडला नाही, लोखंडी आहे.